मूळ फोटो आणा

बाप वारला म्हणून श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आलेल्या माणसाला "हा तुझा बाप न्हाई, बापाचं पीठ हाय. बाप घेऊन ये," असं सांगून परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या भिंतीला भिंत लावून बसतो. त्याचं नाव मुरलीधर. काष्टीच्या बाजारपेठेत माझी पिठाची गिरणी आणि तिला लागून त्याचं 'सायली ग्राफिक्स'. बावीस वर्षं तो माझ्या गिरणीचा आवाज ऐकतो आहे आणि मी त्याचं बोलणं. दोन्हींत डोकं दुखवण्याची ताकद सारखीच आहे, पण गिरणीला निदान बटण आहे.

हाच माणूस साऱ्या गावाचे फ्लेक्स करतो आणि स्वतःची बायको गेली तेव्हा त्याने एक वीतभर कापडसुद्धा चौकात लावलं नाही. त्यापायी त्याची एकुलती एक पोरगी तुटायची वेळ आली. ते सांगायचंच आहे. पण आधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर तुम्हीही त्याला दगड म्हणाल. मीही म्हणत होते.

त्याचं काम काय, तर फोटोचा एक प्रकार घ्यायचा आणि दुसरा करून द्यायचा. कुणाला ऑनलाइन फॉर्मला लहान फोटो लागतो, कुणाला लग्नपत्रिकेला, कुणाला चौकात लावायला हत्तीएवढा. दिवसभर तो कंप्युटरपुढे बसून फोटो ह्या नावातून काढून त्या नावात घालतो. मी चौथी शिकलेली. मला वाटायचं, फोटो तो फोटो, त्याला प्रकार कसले. एकदा दुपारी लाईट गेली तेव्हा त्याने मला ओट्यावर बसवून शिकवलं.

"आक्का, तुमच्याकडं ज्वारी येती, पीठ हून जाती. माझ्याकडं फोटो येतो, जेपीजी हून जातो. जेपीजी म्हंजी पीठ. हलकं, कुठंबी मावतं, लगेच कामाला येतं. टिफ म्हंजी पोत्यातलं धान्य. जागा लई खातं, पण दाणा न् दाणा शाबूत. पीएनजी म्हंजी निवडलेलं. माणूस ऱ्हातो, मागची भिंत, बांबू, म्हैस सगळं निघून जातं. आन् पीडीएफ म्हंजी पिशवी शिवून वर शिक्का."

मी विचारलं, पीठ परत दळलं तर काय होतं. त्यावर तो इतका खूश झाला की त्याने हॉटेलातून चहा मागवला. बावीस वर्षांत त्याने आपणहून मागवलेला तो पहिला चहा. म्हणाला, हाच तर मुद्दा आहे. जेपीजी उघडून परत सेव्ह केला की तो परत दळला जातो. दर दळणाला थोडा थोडा उडून जातो, जसं आमच्या गिरणीत पीठ उडून भिंतीवर बसतं. मोबाईलवरून पाठवला की दळला. मावसभावाने पुढे ढकलला की परत दळला. त्याच्या बायकोने वर गुलाबाची फुलं चिकटवली की आणखी एकदा. शेवटी दुकानात येतो तो माणूस नसतो, भुकटी असते.

म्हणून त्याचं एकच पालुपद. मूळ आणा. मूळ म्हणजे पहिला फोटो, कॅमेऱ्यातून निघालेला, किंवा भिंतीवर काचेत असलेला. हे दोन शब्द त्याने गावाला इतके ऐकवलेत की त्याचं आडनाव विचारलं तर निम्मे लोक मूळ असं सांगतील. दुसरं पालुपद कंप्युटरशी बोलायचं. काही ठेवायचं झालं की मोठ्याने म्हणतो, "सेव्ह न्हाई. सेव्ह ॲज." म्हणजे आहे त्याच्यावर नवं लिहायचं नाही, दुसऱ्या नावाने वेगळं ठेवायचं. आधी मला वाटलं मंत्र आहे. पुढे कळलं, मंत्रच आहे.

तर तो बाप वारलेला माणूस. नववा दिवस, दुसऱ्या दिवशी दशक्रिया, आणि हा मोबाईलमधला फोटो घेऊन आला. मुरलीने तो पडद्यावर मोठा करून दाखवला. नाकाच्या जागी पाच चौकोन आणि मिशीच्या जागी जळालेली भाकरी. "ह्यात बाप कुठला ते दाव," म्हणाला. त्याने टोपी दाखवली. मुरली म्हणाला, टोपी दिसते, बाप दिसत नाही. भावकी चिडली. बाजारपेठेत दुसरं दुकान आहे, तिथे दहा मिनिटांत फ्लेक्स मिळतो, चेहरा कुणाचाही निघो. पण त्या माणसाची आई म्हणाली की मुरलीकडूनच पाहिजे. मग तो मोटारसायकल घेऊन राहात्याला बहिणीकडे गेला, तिच्या भिंतीवरचा काचेतला फोटो उतरवला आणि रात्रभर गाडी हाणून सकाळी उगवला. फ्लेक्स लागेपर्यंत पिंडाला कावळा शिवूनसुद्धा गेला होता. कीर्तनकाराचं प्रवचन अर्ध्यावर आलेलं, तेव्हा मागून कापड वर चढलं.

ती म्हातारी त्या फ्लेक्सपुढे उभी राहिली. कानावरचा तीळसुद्धा दिसत होता. तिने तासभर शिव्या दिल्या. मुरलीला नाही, नवऱ्याला. समोर उभा असल्यासारख्या. मग पदराने नाक पुसलं आणि जेवायला बसली. म्हणून लोक मुरलीला नावं ठेवतात आणि त्याच्याकडेच जातात.

आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही होत नाही. पोरगं जन्मलं की फ्लेक्स, त्याचा वाढदिवस की फ्लेक्स, त्याला दहावीला पस्तीस टक्के पडले की मोठा फ्लेक्स. पाण्याची टाकी झाली नाही पण टाकी मंजूर झाल्याचा फ्लेक्स लागला होता. तो फाटला, मग त्याचंच कापड गळक्या पत्र्यावर टाकलं, म्हणजे पाण्याला उपयोग झाला म्हणायचा. गावात एक अण्णा आहेत. तीन निवडणुका झाल्या, ते 'भावी सरपंच' आहेत. मुरलीच्या कंप्युटरमध्ये त्यांच्या फायली मी वाचल्या आहेत. 'अण्णा भावी फायनल', 'अण्णा भावी फायनल खरं', 'अण्णा भावी हेच', 'अण्णा आता बदल नाही'. एकही पुसलेली नाही. अण्णांना फोटोत गोरं व्हायचं असतं. मुरली म्हणाला, उजेड वाढवून देतो, रंग बदलणार नाही, रंग बदलला की मूळ राहत नाही. अण्णा रागाने दुसऱ्या दुकानात गेले. तिथे त्यांना एवढं गोरं केलं की प्रचाराच्या वेळी त्यांच्या सासऱ्यांनीच विचारलं, हा उमेदवार कुणाचा. पडले. परत मुरलीकडे आले. अजून भावीच आहेत. आता म्हातारपणी तेच बरं दिसतं.

माणसं कापून काढण्यात मात्र मुरलीचा हात कुणी धरणार नाही. मेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो कधीच नसतो, कारण जिवंतपणी त्याला एकट्याला कुणी विचारत नाही. लग्नात घोळक्यात उभा असतो, नाहीतर पोळ्याला बैलाशेजारी. मुरली त्याला बाहेर काढतो. बैल काढले, जावई काढले, एकदा तर नवरदेव काढला. ज्याचा हात मेलेल्याच्या खांद्यावर असेल तो हात काढायचा आणि तिथे सदरा रंगवून भरायचा. कुणाला कळत नाही.

घरातही तसाच. बायकोने, मंदाने, आमटीला तिखट जास्त घालायचं म्हटलं की हा म्हणायचा, आधी एक वाटी मूळ आमटी बाजूला काढ, मग घाल. बिघडली तर परत जाता आलं पाहिजे. स्कूटरला नवा टायर घातला तर जुना टायर माळ्यावर. फोटोंच्या हार्ड डिस्क तो स्टीलच्या डब्यांत ठेवतो आणि डब्यात कडुनिंबाचा पाला घालतो. मी म्हटलं, अरे त्याला काय धान्यासारखे टोके होणार आहेत का. म्हणाला, झालं तर? दर शिमग्याला पाला बदलतो.

मंदा ह्याच्या अगदी उलटी. ती काही ठेवायची नाही, राग तर बिलकूल नाही. माझे गुडघे गेल्यापासून दुपारी ती गिरणीवर येऊन बसायची. दळण ओतायची, डबे पुसायची, भुवयांवर पीठ घेऊन घरी जायची. हसायला लागली की गिरणीच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा. एवढी धीट बाई, पण फोटोला भ्यायची. फोटोवाल्याची बायको आणि कॅमेरा दिसला की तोंडापुढे हात. लग्नाचा अल्बम आणि जुन्या रिळांचं खोकं, दोन्ही वाळवीने खाल्लं. पोरीच्या, सायलीच्या मोबाईलमध्ये आई आहे, पण पाठमोरी, नाहीतर पाच बोटांच्या मागे.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर तिच्या किडन्या गेल्या. नगरला दवाखान्यात नेली. दीड महिन्यात संपलं.

दशक्रियेला सगळ्यांना वाटलं होतं की काष्टीने पाहिला नाही असा फ्लेक्स लागणार. चौकात बांबूची चौकट पोरांनी आधीच उभी केली होती. ती तशीच रिकामी राहिली. चौकटीतून पलीकडचं खताचं दुकान दिसत होतं. सायली नगरच्या सावेडीला दिलेली आहे, तिने सगळ्या भावकीदेखत बापाला विचारलं, गावातल्या सगळ्यांच्या आया तुम्ही चौकात लावल्या, माझ्या आईला जागा नव्हती का. मुरली खाली बघून एवढंच म्हणाला, "मूळ न्हाई."

आईच्या दहाव्याला बाप असं बोलल्यावर पोरीने काय समजावं. ती म्हणाली, "वर्षश्राद्धाला आईचा चेहरा चौकात दिसला तर मी येईन. नाही दिसला तर आईचं मी सावेडीत करीन. मग तुमचं मूळ आणि तुम्ही." असं म्हणून गाडीत बसली. त्यानंतर त्याचा फोन उचलला नाही. दिवाळीला आली नाही, तिचं पोरगं ह्याने वर्षभर पाहिलं नाही.

मीही त्याला ओट्यावर गाठून सांगितलं की मोबाईलमधला कसला का होईना फोटो लाव, तुझ्या हट्टापायी पोरगी जाईल. तो ऐकून आत गेला आणि फॉर्मला आलेल्या एका माणसाचा फोटो लहान करायला बसला. मी म्हटलं, दगड आहे.

वर्षभरात त्याच्यात एकच फरक पडला. दुपारी अर्धा तास शटर निम्मं खाली ओढून बसायला लागला. लोक म्हणत झोपतो. मला भिंतीपलीकडून माऊसचं टकटक ऐकू यायचं. झोपेत कुणी टकटक करत नाही.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले असतील. माझ्या पेन्शनीला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, म्हणजे मी अजून मेले नाही हे मीच जाऊन सांगायचं. ह्या वर्षी त्याला फोटो जोडायचा होता, तोही अमुक एवढाच लहान. मी दुपारीच गेले आणि शटरखालून वाकून आत शिरले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

मुरलीला मी दिसले नाही. पडदा सगळा राखाडी आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी मंदा. दारात बसून तांदूळ निवडताना, मान जराशी वळवलेली, तोंडापुढे हात नाही. त्याने ती मोठी केली. तिकिटाची काडेपेटी झाली, काडेपेटीची पाटी झाली, आणि मंदा गेली. नुसते चौकोन राहिले, खड्याच्या मिठासारखे. त्याने ती परत लहान केली. परत मंदा आली. मग बंद करायला गेला तेव्हा कंप्युटरने सेव्ह करायचं का असं विचारलं. मुरलीने चष्मा पुसला, प्रश्न बोट ठेवून वाचला, परत वाचला, आणि 'नाही'वर टकटक केलं. एवढं जपून मी कधी जात्यात हात घातला नव्हता.

"काय रं हे," मी म्हटलं.

तो दचकला नाही. सांगायला बसला, जसं काही मी येणारच होते. दवाखान्यात मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचा फॉर्म भरायचा होता. त्याला तिचा फोटो पाहिजे होता, वीस केबीच्या आत. तिचा एकच चांगला फोटो त्याच्याकडे होता, तिला न कळता काढलेला, त्याच महिन्यातला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने एका लग्नासाठी आधीच रिकामं केलं होतं. मोठा फोटो फक्त कंप्युटरमध्ये, डब्यातल्या डिस्कवर घ्यायचा राहिलेला. दवाखान्यातून फोनवर फोन, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं. त्याने फोटो लहान केला, वीस केबीचा केला, आणि घाईत सेव्ह दाबलं. सेव्ह ॲज नाही. सेव्ह. आधीच्या मोठ्या फोटोवर हा तिकिटाएवढा जाऊन बसला. मग घाईघाईत प्रोग्राम बंद केला. आता परत जायला वाट नाही.

"बावीस वर्षांत एकदाच, आक्का."

फॉर्म पास झाला का, मी विचारलं. म्हणाला, त्याच दिवशी.

मग मी विचारलं की हे पोरीला का सांगितलं नाहीस. तो पडद्याकडे बघत राहिला. तिथे आता काहीच नव्हतं, नुसता राखाडी रंग.

"काय सांगू तिला? तुझी आई मी दळली म्हनून?"

मला रडणाऱ्या माणसापुढे बसता येत नाही, आणि तो रडतही नव्हता, ते त्याहून वाईट. मी म्हटलं, माझा फोटो काढ, मला जिवंत असल्याचा दाखला पाहिजे. त्याने काढला. तीन वेळा काढला, कारण मी कपाळाला आठ्या घालते म्हणे. मग लहान केला आणि मोठ्याने म्हणाला, सेव्ह न्हाई, सेव्ह ॲज. ह्या वेळी मला हसू आलं नाही.

घरी जाऊन मी डोकं चालवलं. कंप्युटरच्या आधी ह्याच्याकडे रीळवाला कॅमेरा होता. तेव्हा त्याने कुठे कुठे फोटो काढले? बारशी, लग्नं, माझ्या गिरणीला नवी मोटर बसवली तेव्हाची पूजा. पूजेला मंदा होती. त्याने एक फोटो फ्रेम करून मला दिलाही होता, त्याच्या आता ध्यानातही नसणार. तो गेला कुठे?

दुसऱ्या दिवशी गिरणीत उभी राहून मी सगळ्या भिंती बघितल्या. स्विचबोर्डाच्या वर एक फ्रेम आहे. काचेवर एवढं पीठ बसलेलं की आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मी समजत होते देव आहे. दर खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते, तेव्हा मी त्या फ्रेमलाही हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल खोवायची, हात जोडायची. दळायला येणाऱ्या बायकासुद्धा जाता जाता पाया पडायच्या. एकीने नवस बोलला होता आणि तिला मुलगा झाला होता.

स्टुलावर चढून मी फ्रेम उतरवली आणि पदराने पुसली. आधी कुंकवाचा थर निघाला, मग पिठाचा. खालून मंदा आली. तोंड उघडं टाकून हसणारी, एक डोळा मिटलेला, भुवयांवर पीठ. आणि तिच्या शेजारी मी. हातात नारळ, तो फुटत नव्हता म्हणून चेहरा वैतागलेला, दुसरा हात मंदाच्या खांद्यावर टाकलेला. वीस वर्षं मी माझ्याच पाया पडत होते.

फ्रेम नेऊन मी मुरलीच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "घे. मूळ."

त्याने हात लावला नाही. आधी हात धुऊन आला. मग फ्रेमचे खिळे एकेक करून काढले, त्याला एक तास लागला. कापसाने फोटो टिपला, यंत्राखाली घातला, आत उजेडाची पट्टी सरकत गेली तेव्हा श्वास धरून उभा होता. टिफ करून ठेवला. कडुनिंबाच्या तिन्ही डब्यांत एकेक प्रत ठेवली. चौथी माझ्याकडे गिरणीत ठेवायला दिली, त्याच्या दुकानाला आग लागली तर म्हणून. मी म्हटलं, आणि आगीने भिंत ओलांडली तर? त्याचा चेहरा पडला. संध्याकाळच्या गाडीने श्रीगोंद्याला मेव्हण्याकडे पाचवी प्रत ठेवून आला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी चौकात गेले. लोक जमलेले, आणि मला बघून एकदम बाजूला सरले. हॉटेलाच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने फ्लेक्सला हात जोडले, मग मला बघितलं आणि परत फ्लेक्सला. मी वर बघितलं. दहा बाय आठचं कापड, वर 'प्रथम पुण्यस्मरण', खाली कै. सौ. मंदा मुरलीधर, आणि मधे हसणारी मंदा. आणि तिच्याएवढीच मोठी, नारळ घेतलेली, चिडलेली मी.

तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. पुण्याहून पुतण्याचा फोन आला. मीच उचलला तर तो घाबरून विचारायला लागला, कोण बोलतंय. पेन्शनीच्या हापिसात काम करणारा एक जण चौकात उभा होता, तो मला हळूच म्हणाला की दाखला मागच्या आठवड्यात दिलात ते बरं केलंत.

मी तडक दुकानात गेले. म्हटलं, सगळ्या गावाचे जावई काढलेस, बैल काढलेस, मला काढायला काय झालं. मी जिवंत आहे.

तो दुसऱ्या एका फ्लेक्सची शाई सुकली का बघायला त्यावर बोटं चोळत होता. "तुमचा हात तिच्या खांद्यावर हाय, आक्का. तुमाला काढलं तर हात काढावा लागतो. हात काढला की तिच्या खांद्याला भोक पडतं. ते मला माझ्या मनानं भरावं लागलं असतं."

"मग लोकांचे भरतोस ते?"

"लोकांचे भरतो," तो म्हणाला. "दोन दिवस भरून बघितलं. तिचा खांदा जमंना. कसा हुता ते आठवंना नीट. मग ऱ्हाऊ दिला तुमचा हात."

मी परत गिरणीत येऊन बसले.

दुपारी सायली आली. कडेवर पोरगं. तिला ग्रुपवरूनच कळलं होतं. तिच्या मोबाईलपर्यंत पोचेपर्यंत आईचा चेहरा चार वेळा दळला गेला होता, हे ऐकून मुरलीला पुढे आठ दिवस वाईट वाटत होतं. पण ती आली. चौकात बराच वेळ उभी राहिली. मग बापाकडे न जाता आधी माझ्याकडे आली. पोरगं पिठात सोडलं.

"आक्का, आई इतकं मोठ्यानं हसायची?"

"ह्याच्याहून मोठ्यानं," मी म्हटलं. "आन् तुझ्या बापानं तुझ्यापासून एक गोष्ट लपवली हाय. जा, इच्यार. ओरडू नको. त्यानं वर्षभर सवतालाच लई ओरडून घेतलंय."

ती गेली. भिंत पातळ आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. पहिली दोन वाक्यं मला ऐकू आली आणि मी उठून गिरणी सुरू केली. दळण नव्हतं. रिकामी गिरणी चालवली की दगड झिजतो, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले. त्या दिवशी पाऊण तास चालवली. पोरगं मोटरच्या आवाजावर टाळ्या वाजवत होतं, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

सायली चार दिवस राहिली. आता महिन्याला येते.

फ्लेक्स उतरवायची वेळ आली तेव्हा मुरली विचारायला आला. मी म्हटलं, फेकू नको, गुंडाळून ठेव. माझी पाळी आली की तोच लाव, खालचं नाव तेवढं बदल. आणि तेव्हा मंदाला कापायचं नाही. माझ्याही हाताला भोक पडेल.

तो म्हणाला, तिच्या फाइलीवर तुमचं नाव लिहिणार नाही, तुमची वेगळी करावी लागेल. मला दुकानात बोलावून त्याने माझ्यासमोर केली. सेव्ह न्हाई, सेव्ह ॲज. नाव काय देऊ, असं मला विचारलं नाही. स्वतःच एकेक अक्षर शोधून टाइप केलं. मला चष्म्याशिवायही वाचता आलं, एवढं मोठं करून दाखवलं.

'आक्का अजून फायनल नाही'.